शून्य किलो जळण

नेकनूरची यशोधरा बी.ए. झाली, दोन वर्षं अर्ज करून करून थकली आणि शेवटी तिला लाकडं मोजायची नोकरी लागली. एका कंपनीनं गावोगाव कमी धुराच्या चुली वाटल्या होत्या. कोणत्या घरात रोज किती जळण जातं, ते काट्याला लावून मोजायचं आणि मोबाईलमध्ये भरायचं. त्यावरून किती कार्बन वाचला, ते पुण्यात बसलेली माणसं ठरवणार. त्यांनी चूल कधी फुंकली असेल, देव जाणे.

ऊसतोडीला जाणाऱ्या रतनबाईच्या घरी ती दिवाळीआधी गेली, तेव्हा नवी चूल तडकलेली होती. रतनबाई ती शेणमातीनं लिंपून चालवत होती. घरभर धूर, आणि तिच्या छातीत घरघर. जळण भरलं नऊ किलो, जुन्या चुलीपेक्षाही जास्त.

"पोरी, लिव्ह की तुज्या मोबाईलात, चूल फुटली म्हणून," रतनबाई म्हणाली. "ह्या धुरानं जीव चाललाय माजा."

"दोन मोजण्या लागतात, मावशी. दुसरीत आकडा असाच आला की चूल बदलून मिळंल. माझा शब्द हाय."

दुसरी मोजणी आली दिवाळीनंतर. तोवर निम्मं गाव ट्रकात बसून कारखान्यांकडं गेलं होतं. ज्यानं हे वेळापत्रक केलं, त्यानं बीड जिल्हा फक्त नकाशात पाहिला असणार. रतनबाईच्या दाराला कुलूप होतं. ती तिकडं उसाच्या फडावर तीन दगड मांडून पाचट जाळत होती, आणि तो धूर मोजायला कुणी जाणार नव्हतं.

मोबाईल फक्त किलो विचारत होता. आकडा टाकल्याशिवाय पुढचं घर उघडेना. यशोधरानं वरच्या साहेबाला, सोमेश्वरला, फोन लावला.

"माणूस न्हाई म्हणजे जळण न्हाई," तो म्हणाला. "शून्य टाक आन पुढं चल. आज चाळीस घरं झाली पायजेत."

हे खोटं आहे, हे तिला कळत होतं. पण नोकरीही हवी होती. तिनं शून्य टाकलं. त्या दिवशी सव्वीस कुलपांपुढं तिनं सव्वीस शून्यं टाकली.

रतनबाई चैत्रात परतली ती निम्मी होऊन. यशोधरानं सोमेश्वरकडं चुलीचा विषय काढला, तर तो हसला. "जळण शून्यावर आलेल्या घरची चूल कशाला बदलायची?" वर त्यानं रतनबाईच्या नावाचं प्रमाणपत्र यशोधराच्या हातात ठेवलं. नऊ किलोवरून शून्यावर: गावात सर्वांत जास्त धूर कमी करणारं घर.

यशोधरानं ते नेऊन दिलं. रतनबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कपाळाला लावला, खोकल्याची उबळ जिरवली आणि विचारलं, "चूल मंजूर झाली म्हण की?"

"न्हाई मावशी," यशोधरा म्हणाली. "तुम्हाला चूल लागतच न्हाई, असं मीच लिहून दिलंय."