तान्ह्या पोळ्याचा मातीचा बैल

आमच्या सावली गावच्या सुताराने लाकडी बैलाचा जो भाव मला सांगितला, तो माझ्या शेजाऱ्याला सांगितला नव्हता. तो राग माझा अजून गेलेला नाही. डोक्यावर टोपली घेऊन बाजार करत करत मी स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलो. भावातली लबाडी मला लगेच कळते. "ठेव तुहा बैल तुह्यापाशीच," म्हणून मी उठलो.

पण तान्हा पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं आपापले लाकडी बैल ओढत तोरणाखाली जमतात. माझ्या मुलीपाशी बैलच नव्हता.

ती रडली नाही. बोडीतली, गावतळ्यातली चिकणमाती आणून तिने बैल केला. पावसाळी हवेत तो वाळेना, म्हणून चुलीवरच्या शिंक्यात ठेवला, तर पाठीला भेग गेली.

"काऊन फाटला, बाबा?"

ती घराच्या कुडाकडे बघत बसली. कूड लिंपायच्या मातीत आम्ही धानाचं तूस घालतो. तिने तूस घालून दुसरा बैल केला. तोही शिंक्यात वाळवला, पण फाटला नाही. येता-जाता मीही त्याच्या पाठीवर बोट फिरवून बघत होतो. शिंगं मात्र ती विसरली होती. मग सणाच्या सकाळी नुसत्या ओल्या मातीची चिकटवली.

पाटावर बैल बांधून, पाटाला दोरी लावून ती निघाली. तोरणापाशी पोचलो आणि सर आली. शिंगं ओघळून गेली. सुतार तिथेच उभा होता.

"शिंगं कुठी गेले वो बाई, तुह्या बैलाचे?"

माझं डोकं तापलं. मी पुढे सरकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "वासरू हाय, काका. शिंगं अजून निघाचे हायत."

सगळे हसले, सुतारही. मी नाही हसलो. ती तोरणाखालून ऐटीत गेली, घरोघरी फिरून खाऊ घेऊन आली.

घरी आल्यावर खाऊ तसाच ठेवून ती बैलाच्या पायावर गडव्याने पाणी ओतत बसली.

"शिंगं गेले, पाय काऊन नाई गेले?"

"धुरावर वाळले म्हणून."

"का तूस हाय म्हणून?"

तिने नवीन दोन शिंगं वळली. तुसाचं एक ओसरीवर वाळत ठेवलं, बिनतुसाचं दुसरं चुलीवर. दुकानाच्या दारातून गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी चूल फुंकत बसलो.