दुबईच्या विमानतळावर भरीत

शालिग्राम पाटील सुरतेजवळ उधन्यातल्या एका लूम कारखान्यात मिस्त्री होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि कारागिरांना शिव्या द्यायच्या, अशी दोन कामं त्याच्याकडे होती आणि दोन्ही तो मन लावून करी. मूळचा शिरपूरकडचा. अंगानं आडवा, बोलण्यात त्याहून आडवा. त्याची एकच खोड होती. कुणी काही सांगितलं की तो ते पार टोकाला नेई. एकदा एका ज्योतिषानं त्याला शनिवारी तेल लावू नको म्हणून सांगितलं, तर यानं शनिवारी मागांनाही तेल घालणं सोडलं. माग असे किंचाळायला लागले की शेठ स्वतः तेलाची बुधली घेऊन आला आणि ज्योतिषाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत एकेका मागाला तेल पाजून गेला.

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षी तो लघवीला जाऊन आला की मोरीत मुंग्या जमायला लागल्या, तेव्हा बायको सरलाबाईनं त्याला ढकलतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, फक्त त्यांचं पोट त्यांच्या आधी खोलीत यायचं. त्यांनी रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रोटी, चावल, आलू, मीठा. इन को दुश्मन समझो."

झालं. शालिग्रामनं युद्ध पुकारलं. घरात भाकरी बंद, भात बंद, बटाटा तर उंबऱ्याच्या आत येईना. वांग्याचं भरीत तो वाटीत घेऊन चमच्यानं खायला लागला. खानदेशी माणूस भाकरीशिवाय भरीत खातोय म्हटल्यावर शेजारणी सरलाबाईला बाजूला घेऊन विचारायच्या, मालकांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का. सरलाबाई सांगायची की डोकं आधीपासूनच असं आहे, नवीन फक्त साखर आहे.

तशात शेठनं जुने माग नैरोबीजवळ राहणाऱ्या मेव्हण्याला विकले. ते तिथं उभे करून द्यायला माणूस हवा होता. शालिग्रामचा पासपोर्ट निघाला. मुंबईहून दुबई, तिथं अर्धा दिवस बसायचं आणि मग पुढचं विमान.

"तठे काय खाशात तुम्ही?" सरलाबाईनं विचारलं. तिला आफ्रिकेची काळजी नव्हती, तिथं शेठचा मेव्हणा होता. काळजी होती ती वाटेची. तिनं लसूण-मिरची ठेचून स्टीलच्या मोठ्या डब्यात भरीत भरलं, खारे शेंगदाणे बांधले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अंडी उकडली. तीही गॅलरीत, स्टोव्हकडे पाठ करून.

अंडी मुंबईत सहारच्या विमानतळावरच संपली. शेंगदाणे रांगेत उभ्या असलेल्यांना वाटण्यात गेले. विमानात हवाई सुंदरीनं ताट आणलं तर त्यात पाव, भात, बटाटा आणि खीर. चारही दुश्मन एकाच तबकात मांडी घालून बसलेले. शालिग्रामनं काकडीच्या चकत्या खाल्ल्या, लोण्याची वडी पेढ्यासारखी तोंडात टाकली आणि बाकी सगळं परत दिलं.

दुबईचा विमानतळ पाहून त्याला वाटलं, एवढ्या जागेत हजार माग सहज बसले असते. सोनं होतं, अत्तर होतं, दारू होती. खायला मात्र जिकडेतिकडे पाव. शेवटी त्यानं शेठनं दिलेल्या डॉलरमधून एक सँडविच घेतलं, आतलं चीज खाऊन टाकलं आणि दोन्ही पाव प्रामाणिकपणे काउंटरवर परत नेऊन दिले. काउंटरवरच्या मल्याळी माणसानं ते उलटसुलट करून पाहिले.

मग जेवायची वेळ झाली म्हणून शालिग्रामनं नेमानं गोळी घेतली, गालिच्यावर बैठक मारली आणि डबा उघडला. लसणाचा वास थेट अत्तराच्या दुकानापर्यंत गेला. नैरोबीला निघालेले गुजराती त्या वासानं एकेक करून गोळा झाले. त्यांच्याकडे मेथीचे थेपले होते, पण तोंडी लावायला उरलं नव्हतं. आल्या माणसाला नाही म्हणणं शालिग्रामच्या रक्तात नव्हतं. त्यानं सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. डबा त्याच्या स्वतःकडे फिरून आला तेव्हा तळ दिसत होता.

कामरेजच्या दिवाळीबेन मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे थेपले धरले. शालिग्राम म्हणाला की हे माझ्यासाठी विष आहे. म्हातारीनं डबा खटकन बंद केला आणि तोंड फिरवलं. याचं भरीत आम्हाला चाललं आणि आमच्या हातचं याला विष, असं ती शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली.

पोटात गोळी होती आणि गोळीला पोटात काहीच नव्हतं. थोड्या वेळानं शालिग्रामला घाम फुटला. तो उठला, झोकांड्या देत प्लास्टिकच्या खजुराच्या झाडापाशी गेला आणि त्या झाडाला अहिराणीत झापायला लागला, की धागा तुटलाय, माग चालूच ठेवलास, शेठला काय तोंड दाखवशील. लोक हसले. दारूच्या दुकानाकडे बोट दाखवून कुणी काही बोललंही. पोलीस येताना दिसला.

दिवाळीबेन हसल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याला हीच साखर होती, गोळी घेऊन उपाशी राहिला की तोही असाच बरळायचा. गुडघे धरत त्या उठल्या, चहाच्या काउंटरवरच्या साखरेच्या पुड्या मूठभर उचलल्या, शालिग्रामला ओढून खाली बसवलं आणि एकेक पुडी त्याच्या तोंडात रिकामी केली.

"मरवुं होय तो नैरोबी जईने मर," त्या म्हणाल्या. "अहीं नहीं."

शालिग्राम भानावर आला तेव्हा त्याच्या मिशांना साखर लागली होती आणि पोलीस त्याला पाणी पाजत होता. दिवाळीबेननी डबा पुन्हा उघडला. या वेळी त्यानं विषाचं नाव न काढता थेपला घेतला. कित्येक महिन्यांनी तोंडात पिठाची चव आली तसे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीला वाटलं कृतज्ञता आहे. होती थोडी, पण बरीचशी मेथी होती.

माग उभे करून तो परत आला, तेव्हा सरलाबाई त्याला आधी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ते म्हणाले, भाकरी अर्धी करायची होती, नाहीशी नव्हे. आणि गोळी घेतली की थोडं तरी खायचंच.

"तुम्ही दुश्मन म्हणालात," शालिग्राम म्हणाला. "दुश्मनाला अर्धं कोण मारतं?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. उत्तर सरलाबाईनं दिलं. त्या दिवसापासून ती भाकरी स्वतः मोडायची, अर्धी त्याच्या ताटात ठेवायची आणि उरलेली त्याच्यासमोर बसून, अगदी सावकाश, खायची.