जाण्याचे लॅटिन शब्द आणि साक्रीचा बाजार

साक्रीचा आठवडे बाजार, भर सकाळ, आणि मी कांद्याच्या पोत्यांमागे उकिडवा बसलेलो… शिक्षण बी.ई., फर्स्ट क्लास. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण तो कांद्याचा वास अजून नाकातून जात नाही.

लपायचं कारण म्हणजे समोरून नाना येत होते. नाना आमचे धरणगावचे शेजारी. आणि धरणगावच्या समजुतीप्रमाणे मी त्या वेळी अमेरिकेच्या वाटेवर होतो.

थोडं मागे जातो. जळगावला इंजिनिअरिंग झालं आणि डोक्यात अमेरिकेचं खूळ शिरलं. तिकडच्या प्रवेशपरीक्षेला इंग्रजी शब्द फार, आणि त्यातले बरेचसे लॅटिनमधून आलेत असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. झालं… बसलो लॅटिन पाठ करत.

का कोण जाणे, मला जाण्या-येण्याचे शब्दच जास्त आवडायचे. ‘ईरे’ म्हणजे जाणं. ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणं. ‘अँब्युलारे’ म्हणजे चालणं, अँब्युलन्स त्यातूनच निघाली. शेतावर मोटर चालू करायला गेलो तरी तोंडात हेच. पोराला बाहेरचं काही लागलं की काय, अशी आईला शंका यायला लागली होती.

अ‍ॅडमिशन मिळाली आणि नानांनी लगेच सत्कार ठेवला. गावातला कुठलाही सत्कार त्यांच्याशिवाय व्हायचा नाही. व्हिसा अजून बाकी होता, पण एवढं कोण बघतंय? शाळेच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर, शाल, नारळ… सगळं यथासांग.

आणि मी भाषणात काय झाडावं! म्हणे, ‘लॅटिनमध्ये सुरुवातीला इनिशियम म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ आत जाणं. मीही आज एका नव्या जगाच्या आत जातोय.’ टाळ्याच टाळ्या. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मुंबईत व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी जेमतेम दोन प्रश्न विचारले आणि व्हिसा न देताच पासपोर्ट परत सरकवला. मागचा माणूस मला बाजूला करून पुढे झाला, इतका वेळ मी तिथेच उभा होतो.

आता गावात कुठल्या तोंडाने जायचं? मी परस्पर साक्रीला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिने आबांना, म्हणजे वडिलांना, निरोप पाठवला. माझी एकच अट होती… गावात कुणाला कळता कामा नये.

मग सुरू झालं तोंड लपवणं. दारावर कुणी आलं की मी आतल्या खोलीत. शेजारीण अक्काला विचारायची, पाहुणे कधी जाणार… आणि मी आतून कडी लावून घ्यायचो. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. शेवटी अक्का वैतागली आणि तिने मला बळंच भाजी आणायला बाजारात पिटाळलं.

तर ते कांदे… नाना बरोबर पोत्यांसमोर येऊन थांबले.

“काय रे, आठे काय करी ऱ्हायना?”

कांदेवाली एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

“ऊठ. चाल मन्हासंगे. गाडी शे.”

अक्काला सांगून, पिशवी उचलून मी मुकाट एस.टी.त बसलो. तिकीट नानांनी काढलं. धुळं मागे पडलं. गावात काय थाप मारायची, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. व्हिसा लांबलाय म्हणावं… कॉलेजनेच पुढच्या वर्षी बोलावलंय म्हणावं…

मध्येच नाना म्हणाले, “त्या जावाना शबद शिकना व्हता ना तू? म्हन बरं.”

मला वाटलं, आता हे माझी टर उडवणार. खाली मान घालून म्हणत गेलो. ईरे, ग्रादी, अँब्युलारे… नाना मात्र देवळात बसल्यासारखे ऐकत होते.

“आनि परत येवाले काय म्हनतस त्या?”

‘रेदीरे’. मला येत होता शब्द. पण मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा नाना हळूच म्हणाले, “बठ्ठा गावले माहीत शे. तुन्हा बापनी त्याच दिनले सांगं. तुले लाज वाटी ऱ्हायनी, म्हनीसन कोनी बोलनं नही.” मग म्हणाले, “घाई मन्ही व्हयनी रे सत्कारनी.”

म्हणजे मी खिडक्या लावून कोंडून घेतलं होतं, ते ज्यांच्यापासून, त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! आणि मी धरून चाललो होतो की हे लोक हसायला टपलेत… व्हिसा गेल्याची लाज त्या क्षणी या लाजेपुढे काहीच नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं, नानांच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. धरणगावचा माणूस धुळं ओलांडून एवढ्या लांब साक्रीच्या बाजाराला कशाला येईल?

स्टँडवर उतरलो तेव्हा मी सवयीने मागच्या बोळाकडे वळलो. नानांनी दंड धरला आणि मला भर बाजारपेठेतून नेलं. कुणी “ऊना का?” म्हणजे आलास का, असं विचारलं, कुणी चहाला बोलावलं. नाना प्रत्येकाला थांबून, माझा दंड न सोडता, एवढंच सांगत होते, “लई ऊनू पोरले.” घेऊन आलो पोराला.

नाना, तुमचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले.