राणीची तहान

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी नवरदेवाची मिरवणूक आमच्या गल्लीतून मारुतीच्या देवळाकडे निघाली होती. फेटे, बँजो, ड्रोन, सगळं यथासांग होतं. नवरदेवाच्या हाती तलवारही होती. ती धरायची कशी, हे मात्र कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आमच्या फाटकापाशी घोडीवाले रहीमचाचा थांबले. "ताई, बादलीभर पाणी द्याल? राणीला पाजतो."

नवरदेवाचे मामा धावत आले. "आत्ता नको हो चाचा! देवळासमोर मुतली म्हणजे? शूटिंग चाललंय."

लग्नाच्या दिवशी घोडीला सकाळपासून पाणी दाखवायचं नाही, ही या धंद्यातली जुनी रीत. चाचांनीही ती वर्षानुवर्षं पाळली. मग त्यांच्या वस्तीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊ लागल्या आणि हिरडीला बोट लावून तहान ओळखायला शिकवू लागल्या.

"पुढच्या लग्नाला दुसरी घोडी बघू आम्ही," मामा म्हणाले.

"बघा की. पण आधी हिच्या हिरडीला बोट लावून बघा, कशी चिकट झालीय."

मामांनी बोट लावलं नाही. मी बादली आणली. राणीने तोंड बुडवलं आणि बँजो आपोआप थांबला. या रीतीला मी क्रूरपणा म्हणणार होते. पण माया असूनही माहीत नसणं, याला काय म्हणायचं?

चाचा तिच्या मानेवरून हात फिरवत होते.

"हिची आईपण माझ्याकडेच होती," ते हळूच म्हणाले. "तिला लग्नाच्या दिवशी मी कधीच पाणी दिलं नाही."