ओल्या रंगावरचं गंध

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तैलचित्र म्हटलं की त्यातला माणूस गेलेला असतो. लोक फोटो घेऊन येतात, तेरवीच्या आत पाहिजे म्हणतात आणि जाता जाता सांगतात, "भैया, रंग थोडा साफ रखना," म्हणजे माणूस होता त्याहून जरा गोरा. माझा दीर चैतराम कितीतरी वर्षं हेच करतो आहे. नागपुरात चित्रकला शिकून आला तेव्हा त्याला जिवंत माणसं समोर बसवून रंगवायची होती. पण इथे कोणी बसायला तयार होत नाही. तेलरंगात भिंतीवर चढलो की हार पडायला काय वेळ, ही भीती.

एकटा डोमाजी तयार झाला. भरवेलीच्या खाणीत जन्म काढलेला, आता रिटायर. मँगनीजची काळी भुकटी त्याच्या आठ्यांत अजून बसलेली आहे. दर रविवारी सायकलीवर यायचा, खुर्चीत बसायचा, आधी चहा मागायचा.

"काका, हालू नका."

"अबे, खाणीत एवढा चुप बसलो असतो तं साहेबानं घरीच धाडलं असतं."

तेलरंगाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पावसाळ्यात तर तो वाळतच नाही. तरी चित्र होत आलं. भोपाळच्या एका प्रदर्शनाला पाठवायचं ठरलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोमाजीच्या कपाळावर खिडकीचा उजेड असा पडला होता की मी रोज जाऊन बघायची.

चैतरामच्या खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून त्यानं ते ओलं चित्र आतल्या भिंतीवर टांगलं, माझ्या सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी. दुसऱ्या दिवशी पितृमोक्ष अमावस्या. माझ्या सासूबाई, गोदाबाई, दरसाल घरच्या गेलेल्या माणसांच्या तसबिरींना गंध लावतात, हार घालतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी वडे तळत होते. त्या ओळीनं लावत गेल्या आणि डोमाजीलाही लावलं, अंगठा चांगला दाबून. वर झेंडूचा हार.

अंगठा रंगात रुतला. हार काढला तर पाकळ्या चिकटूनच राहिल्या. चैतरामनं कपाळाला हात लावला, स्वतःच्या.

"कोण आहे मंग हा?" सासूबाईंनी विचारलं.

"डोमाजी आहे, माय. जिता आहे."

"मंग माह्या घरच्या मेलेल्यांत काहून टांगला?"



त्या रविवारी डोमाजी नेहमीसारखा आला. गंध बघून आधी हसला. "पानही वाढलं होतं का मले?" म्हणाला. मग चहा न पिताच सायकल काढली. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चैतराम भरवेलीला गेला, तर सुनेनं, राखीनं, दारातच सांगितलं, "बाबा झोपले." आतून खोकल्याचा आवाज येत होता.

शेवटी मी आणि सासूबाई नारळ घेऊन गेलो.

"गोदाबाई, तुमचा राग नाही," डोमाजी म्हणाला. "पण तेव्हापासून मले झोप नाही. ते चित्र वैनगंगेत सोडा. मंग नवीन काढा, म्या येऊन बसतो."

घरी येऊन मी चैतरामला सांगितलं. तो ब्रश पुसत राहिला.

"सारा उन्हाळा, सारा पावसाळा त्याच्या चेहऱ्यावर गेला वहिनी. नदीत टाकू?"

"मग मोबाइलमधला डोमाजीचा फोटो बघून तेवढं कपाळ नीट करा ना, भाऊजी."

"फोटोवरून मी मेलेलेच काढतो."

मला रागही आला आणि त्याचं खरंही वाटलं. त्यानं ना चित्र सोडलं, ना कपाळ दुरुस्त केलं. प्रदर्शनाची तारीख निघून गेली. चित्र आता त्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे. रंगाबरोबर गंधही वाळलं. चैतराम एका धान्यवाल्याच्या वडिलांचा चेहरा रंगवतो आहे, रंग साफ.

संध्याकाळी दिवा लावताना घरच्यांसाठी मागून झालं की मी डोमाजीसाठी आयुष्य मागते. नुसत्या मायेनं नाही. तो गेला, की त्याची माणसं हेच चित्र मागायला येतील, तेरवीच्या आत. गंध पुसायलाही सांगणार नाहीत. रंग साफ करायला मात्र सांगतील.