शालनच्या अर्ध्या बाह्या

दुपारचं जेवण झालं की रघुनाथ साळवी पडवीतल्या खाटेवर आडवा होतो. डोळा लागतोय न लागतोय, तोवर बहिणीचं, मंदाचं, सकाळचं बोलणं कानात घोळतं. "दादा, फोटोवाल्याला सांग, वहिनीच्या तोंडावरचे, हातांवरचे डाग काढून टाक. वर्षश्राद्धाला पाहुणे येतील. गेलेल्या माणसाचं कोड कशाला दाखवायचं?" संध्याकाळपर्यंत स्टुडिओत कळवायचं आहे. शालन असती तर तिलाच विचारलं असतं.

शालन पायथ्याशी बसलेली आहे.

"सरका जरा," ती म्हणते.

तो सरकतो, तर खाली खाट नाही, एसटी स्टँडवरचं बाकडं आहे. वैशाखाचं ऊन. नवीन लग्न. शालनच्या बाह्या मनगटापर्यंत, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. शेजारची बाई तिचे हात बघते आणि उठून पलीकडे जाऊन बसते.

"उकडत नाही तुला?"

"उकडतं. पण लोक बघतात."

गाडी येते. दोघं चढतात ते थेट खोतांच्या अंगणात. फणसाचे पापड चाललेत, बाया गोल करून बसल्यात, थापतायत. या कामाला शालनला कितीतरी वर्षं कुणी हाक मारली नव्हती. आज ती आपणहून आली आहे आणि बाह्या कोपराच्या वर आहेत.

"शालन, तू पाट वेगळा घे हो," खोतांची म्हातारी म्हणते.

"घेते की, काकी. पण पापड तुमच्यातच वाळत घालणार. पांढरे पडले तर माझ्याकडे धाडा, मी तळून खाईन."

बाया हसतात. म्हातारी तोंडाला पदर लावते आणि सरकून जागा करते.

रघुनाथ शालनजवळ उकिडवा बसतो. "लाज कधी गेली गं तुझी?"

"एकदम कुठली जाते. आधी परसात बाह्या आखूड केल्या, मग विहिरीवर. कुणाचं काही अडलं नाही."

"आणि फोटो?"

ती तेलाचे हात उलटसुलट करून बघते. "डाग पुसलेली ती बाई कोण, असं मीच विचारीन. तुम्ही तरी ओळखाल का तिला?"

"मंदा रागावेल."

"रागावू दे. दोन वडे जास्त वाढा."

त्याला हसू येतं. वर्षभरात आलं नव्हतं तसं.

"नुसते बसू नका, हात चालवा," म्हणत ती त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वर करते.

रघुनाथ जागा होतो. ऊन पायरीवर उतरलंय. श्वास मोकळा चाललाय. मनगटाची बटणं लावूनच तो आडवा झाला होता. आता दोन्ही बाह्या कोपराच्या वर आहेत, घट्ट, सारख्या घड्या घातलेल्या. त्याला स्वतःला अशा कधी जमल्या नाहीत.

तो त्या खाली करत नाही. पायात चपला सरकवतो आणि तसाच स्टुडिओकडे निघतो.