शेवटच्या पत्त्यावर अंगठा

आमच्या मोहाडीच्या अंगठादादाचा उजवा अंगठा तुम्ही एकदा पाहिला असता ना, तर विसरला नसता! अंगठा साधाच होता हो. पण तो मोबाईलवर नेमका कुठे ठेवायचा हे त्यालाच कळायचं. आम्ही पोरं ऑनलाइन पोकरमध्ये हरलो की रडत त्याच्याकडे जायचो. पोकर म्हणजे कसं, दोन पत्ते तुमच्या हातात लपलेले असतात आणि टेबलावर हळूहळू पाच उघडतात. त्यातला शेवटचा पत्ता भल्याभल्यांची वाट लावतो. दादा संपलेला डाव पुन्हा लावायला सांगायचा आणि त्या शेवटच्या पत्त्यावर अंगठा ठेवायचा. म्हणायचा, "हा अजून आलाच नाही समज. आता सांग, तू काय करून राहिला होता, अन् काहून?"

नाव ऐकून नवीन माणसाला वाटायचं की हा सही न येणारा कोणी असेल. अरे, दादा बी.कॉम. होता! तहसीलच्या रस्त्यावर त्याच्या वडिलांचं हातमागाच्या कापडाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या ओट्यावर आम्ही. काका आतून ओरडायचे, "लुगडं पाहाले आलेली बाई परत गेली ना बे तुमच्या पत्त्यापायी!" आम्ही जरा सरकून बसायचो, बाई आत जायची, आम्ही पुन्हा पसरायचो. पैशाचा डाव दादा आम्हाला खेळूच द्यायचा नाही. पैशाऐवजीच्या चिप्स फुकटच्या असायच्या, पण इज्जत खरी जायची.

त्याचे निकाल दोनच. पाऊस किंवा धुरा.

हे त्यानं लाखांदूरहून आणलं होतं. लहानपणी तो तिकडे मामाच्या गावी असताना एका वर्षी मामाची धानाची बांधी, भाताचं खाचरच ते, वाळली. मामा आभाळाला शिव्या देत बसला. आजोबा धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या मातीच्या बांधावरून, चालत गेले आणि खेकड्यानं पोखरलेलं भोक दाखवलं, पाणी तिथूनच वाहून गेलं होतं. "पाऊस तर बाजूच्या बांधीत पण एवढाच पडला होता ना," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दादाचं ठरलेलं. नशिबानं मारलं तर पाऊस, आपल्या खेळानं मारलं तर धुरा.

आमच्यातल्या गोलूच्या हाती एकदा एक्क्याची जोडी आली. त्यानं पहिल्यालाच सगळ्या चिप्स लावल्या. समोरचा सत्ती-दुरीसारखा भिकार हात घेऊन आला आणि शेवटच्या पत्त्यावर जिंकला. गोलू रडायचाच बाकी होता. दादानं अंगठा ठेवला, पाहिलं, उचलला. "पाऊस. तू बराबर खेळला. उद्या असाच हात आला तर असाच खेळजो. जा, चहा पी."

मी मात्र त्याच आठवड्यात जिंकून नाचत गेलो होतो! नुसता एक बदाम यायची वाट पाहत मी सगळं लावलं होतं, आणि आला की बदाम! दादानं जिंकलेल्या डावावरही अंगठा ठेवला. जिंकलेल्या डावावर कोण ठेवतं हो? "बदाम आला नसता तर?"

"पण आला ना दादा!"

"तुझा धुरा फुटलाच होता बे बंटी. वरून पाऊस आला म्हणून दिसला नाही."

माझा नाच तिथेच थांबला. स्वतःलाही दादा सोडायचा नाही. आमच्यासमोर हरला की स्वतःच्या स्क्रीनवर अंगठा ठेवून कितीतरी वेळ बघायचा, मग हळूच म्हणायचा, "माझाच धुरा." कोणाला बरं वाटावं म्हणून त्यानं कधी 'पाऊस' म्हटलं नाही. गोलू तर चिडून म्हणायचा, "अबे, खोटं तर बोल एखाद्या वेळी!"

आता ते सांगतो, जे टाइप करताना माझी बोटं अडतात.

दादा सरकारी नोकरीची लेखी परीक्षा पास झाला. मुलाखत नागपूरला. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. वरठी स्टेशनवरून सकाळची गाडी पकडायची होती. मी बाबांच्या मोटरसायकलवर त्याला सोडणार होतो. मीच मागे लागलो होतो, मी सोडतो म्हणून! दुकानासमोर मी गाडी चालू करून उभा. दादा नवीन शर्ट घालून, कागदांची बॅग खांद्याला लावून बाहेर आला. आणि मी काय केलं? गाडी बंद केली, मोबाईल काढला.

"दादा, एकच डाव. रात्री एक्क्याची जोडी होती अन् हरलो. पाऊसच होता, फक्त सांग."

तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "आल्यावर पाहू ना बे."

"एक मिनिट रे दादा!"

नाही म्हणणं त्याला जमायचं नाही, आणि घाईत निकाल देणंही जमायचं नाही. अंगठा ठेवला. पहिल्यापासून एकेक चाल विचारली. मीही वाद घालत बसलो. शेवटी म्हणाला, "एवढी मोठी जोडी हातात, अन् तू थोड्याशाच चिप्स लावून चौघाले आत येऊ देल्लं? भोक तूच पाडलं. धुरा. चाल आता."

मी गाडी पळवली. आमच्या पुढे एक एसटी होती. ती फाटकातून पार गेली, आणि आमच्या डोळ्यांसमोर फाटक पडलं. मालगाडी आली ती मध्येच उभी राहिली. डब्यांच्या पलीकडे दादाची गाडी आली आणि गेली, आम्ही नुसता आवाज ऐकला. मला तिथेच उतरवून तो त्याच मोटरसायकलवर पुढे नागपूरला गेला. पोचेपर्यंत त्याचं नाव पुकारून झालं होतं.

संध्याकाळी ओट्यावर मी त्याच्याजवळ बसलो. नवीन शर्ट धुळीनं माखलेला. काका आत होते, पण आज ओरडले नाहीत. मी कसंबसं विचारलं, "दादा... पाऊस का धुरा?"

"पाऊस बे," तो पटकन म्हणाला. "मालगाडी काय तू थांबवली होती? कायले तोंड पाडून बसला? काका, दोन चहा सांगा ना."

वडिलांना काका म्हणायची त्यांच्या घरी पद्धतच होती. काकांनी चहा सांगितला. आम्ही प्यायलो. त्यानंतर त्यानं कोणाच्याच डावाचा निकाल दिला नाही. पुढच्या दिवाळीआधी तो पुण्याला एका गोदामात कामाला लागला, आणि तिकडचाच झाला. सणाला मेसेज येतो. खाली नेहमी एकच ओळ असते, "खेळून राहिला का अजून?" मी हसणारं तोंड पाठवतो. दुसरं काय पाठवू?

त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, सुटलो. घरी जाऊन नीट जेवलोसुद्धा. मग कधीतरी लक्षात आलं की त्या दिवशी दादानं अंगठा ठेवलाच नव्हता. थेट शेवटचा पत्ता वाचला, मालगाडी, आणि निकाल देऊन टाकला. गोलू मागायचा ते खोटं दादा एकदाच बोलला, आणि ते माझ्यासाठी.

आता अंगठा मीच ठेवतो. मालगाडी झाकतो, पडलेलं फाटक झाकतो. खाली उरतं ते एवढंच: दादाच्या खांद्याला बॅग आहे, गाडी चालू आहे, आणि मी ती बंद करून म्हणतोय, एक मिनिट रे दादा. एसटी त्याच फाटकातून वेळेवर गेली होती. पाऊस तर बाजूच्या बांधीत पण तेवढाच पडला होता.